सहा ते सातच्या दरम्यान

अप्पाराव पाठकांनी चितेगावच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं लोकांची हजेरी घेतली. फाटकाशी काचेची एक खिडकी होती, तिच्याआड ते बसत. सात वाजून पाच मिनिटांपर्यंत आत आलेला माणूस हजर. सहाव्या मिनिटाला आलेला अर्धा दिवस गैरहजर. कुणाची बस पैठण रोडवर बंद पडलेली असे, कुणाच्या घरी मयत झालेली असे. अप्पाराव सगळं नीट ऐकून घेत, कुणाला घाईनं वाटेला लावत नसत, आणि ऐकून झालं की लाल पेनानं खूण करत. "तुझं कारण खरं आहे," ते म्हणत, "पण मस्टरात कारणाला रकाना नाही."

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी ते वाक्य त्यांच्या तोंडातून गेलं नव्हतं. आता ते गारखेड्यातल्या त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी, बन्सीच्या हॉटेलात ऐकू येई. हॉटेल म्हणजे सहा बाकं, एक भट्टी आणि भिंतीवरचा टीव्ही. क्रिकेटवाले समोरच्या पानटपरीवर जमत आणि फुटबॉलवाले बन्सीकडे. कारखान्याचा फुटबॉल संघ होता, त्याची हजेरीही अप्पारावांकडेच असे. तिथून त्यांना हे वेड लागलं ते कायमचं.

आदल्या वर्षी पाऊस पडला नव्हता. नाथसागर धरणाचा गाळ उघडा पडला होता. नळाला आठव्या दिवशी पाणी येई, आणि तरी शहराच्या कडेला रोज एका नव्या प्लॉटिंगची पाटी उभी राहत होती. बन्सीनं गिऱ्हाइकापुढं पाण्याचा ग्लास ठेवणं बंद केलं होतं. मागेल त्याला अर्धा. बोलणं मात्र आटलं नव्हतं.

"गेला म्हणजे गेलाच त्यो," कडूबा रिक्षावाला म्हणाला. टीव्हीवर परदेशातल्या कुठल्याशा स्ट्रायकरची ट्रान्सफर दाखवत होते. "ज्या क्लबनं लहानाचा मोठा केला, त्यालाच लाथ मारली. निष्ठा म्हणून काय असती का नाय?"

"तू सिल्लोडहून इथं रिक्षा चालवायला आलास, तेव्हा तुझी निष्ठा कुठं ठेवली होतीस?" शंतनूनं विचारलं. शंतनू तरुण वकील होता. औरंगपुऱ्यात एका जिन्याखाली त्याचं ऑफिस होतं, आणि पक्षकार कमी असल्यामुळं बन्सीकडं त्याची हजेरी चोख होती.

"मला काय कुणी हार घालून आणलंय व्हय? शेतात काय उरलं नाय म्हणून आलो."

"त्यालाही तिथं बाकावर बसवून ठेवलं होतं. खेळायला मिळेना म्हणून गेला."

"बाकावर बसून कोटी कोटी घेत व्हता! मला बसवा म्हणावं बाकावर. पाऊस पडंस्तोवर उठत नाय."

बन्सीसकट सगळे हसले. मग बोलणं ट्रान्सफरवरून बंदीवर गेलं. एका मोठ्या मिडफिल्डरच्या चाचणीत काहीतरी सापडलं होतं. शंतनूचं म्हणणं, माणूस आजारी असतो, डॉक्टर गोळी देतो, त्यात काय आहे हे खेळाडूला काय ठाऊक. कडूबाचं म्हणणं, एवढे पैसे घेतो तर ठाऊक करून घे. मग शंतनूनं जुनं प्रकरण काढलं. वीस वर्षांमागं इंग्लंडचा एक डिफेंडर चाचणी द्यायची विसरून बाजारात गेला होता. अंगात काही सापडलं नव्हतं, फक्त चाचणी चुकली होती. तरी त्याला आठ महिने घरी बसवलं.

"हे मातर चूक," कडूबा म्हणाला.

"त्यात चूक काय?" अप्पाराव म्हणाले. ते नेहमीच सगळ्यांच्या शेवटी बोलत. "हजेरीला नाही तो गैरहजर. बाजारात गेला का देवळात गेला, याच्याशी काय करायचंय? कारणाला रकाना नसतो."

कोपऱ्यात बसलेला गोकुळ हसला आणि मान खाली घालून म्हणाला, "अप्पा, माझ्या दोन झाल्यात."

गोकुळ सपकाळ हा कडूबाचा लांबचा भाचा. सिल्लोडजवळच्या एका खेड्यातला, बावीस वर्षांचा, डाव्या बाजूचा बचावपटू. पुण्याच्या एका संघाकडून तो दोन मोसम खेळला होता, आणि आता गोव्याच्या एका मोठ्या क्लबनं त्याला विचारलं होतं. जूनमध्ये ट्रान्सफर सुरू झाल्या की सह्या व्हायच्या होत्या. मोसम नसला की तो कडूबाच्या गच्चीवरच्या खोलीत राही. त्याची एक जर्सी बन्सीनं टीव्हीच्या वर खिळ्याला लावली होती.

"दोन काय झाल्या?" अप्पारावांनी विचारलं.

"चाचण्या चुकल्या. राष्ट्रीय शिबिराला बोलावलं तवापासून माझं नाव यादीत हाय. रोजचा एक तास सांगून ठेवावा लागतो, कुठं सापडणार ते. मी सकाळी सहा ते सात टाकलाय, मामाच्या घरचा पत्ता. ते सांगून येत नाय, कवाबी येतात. एकदा शिबिर संपलं अन् मी पत्ता बदलायचा विसरलो. दुसऱ्या टायमाला आजा वारला, तसाच गावाला पळालो. वर्षात तीन चुकल्या की बंदी. मग तुम्ही औषध घेतलेलं असो का नसो."

"पत्ता बदलायला किती वेळ लागतो?"

"दोन मिनिटं. फोनवरच असतं."

"मग चूक तुझीच. तिसरी चुकली तर इथं बसून तुझ्या बाजूनं बोलणारा मी नसेन. आत्ताच सांगून ठेवतो."

"नाय चुकणार अप्पा. आताशा सहा ते सात मी संडासलाबी घड्याळ बघून जातो."

पुन्हा सगळे हसले. अप्पारावही हसले.

मेच्या पहिल्या आठवड्यात महापालिकेचं पथक गल्लीत आलं. पाण्याचा दिवस होता. त्या दिवशी पहाटेपासून घराघरात मोटारी सुरू होत. नळाला थेट मोटार लावून पाणी ओढायला बंदी होती, पण गल्लीत मोटार नसलेलं घर नव्हतं. न लावणाऱ्याच्या नळाला नुसती हवा येई. पथकानं दोन मोटारी जप्त करून टेम्पोत टाकल्या, त्यातली एक अप्पारावांची. त्यांच्या पत्नी यमुनाबाई दारात कळशी धरून उभ्या होत्या. अप्पाराव पथकातल्या कारकुनाशी शांतपणे बोलत होते, आणि कारकून ऐकत नव्हता.

तेवढ्यात गोकुळ आला. त्यानं टेम्पोतून अप्पारावांची मोटार उचलली, लहान मूल घ्यावं तशी काखेत धरली आणि पळत सुटला. मागं दोन माणसं लागली. गोकुळनं एकाला उजवीकडं हूल दिली, दुसऱ्याला डावीकडं, आणि बोळातून दिसेनासा झाला. गल्ली शिट्ट्या वाजवत होती. कारकून लाल होऊन ओरडला, "नाव काय रे त्या पोराचं?" कुणीतरी हसत हसत सांगून टाकलं. कारकुनानं लिहून घेतलं. "बघतोच," तो म्हणाला. "केस करतो. घरी येऊन उचलतो."

आठ दिवसांनी, मंगळवारी, पुन्हा पाणी आलं.

अप्पाराव सहा वाजताच गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. पाण्याच्या दिवशी ते काम त्यांचंच असे. सरकारी माणसाशी कसं बोलावं हे त्यांना येतं, असं गल्लीचं मत होतं. सव्वासहाला एक रिक्षा थांबली. दोन माणसं उतरली. एकाच्या खांद्याला जड बॅग, दोघांच्या गळ्यात ओळखपत्रं, हातात कागद. शर्ट घामानं चिकटलेले.

"गोकुळ सपकाळ इथंच राहतात ना?" बॅगवाल्यानं विचारलं.

"काय काम आहे?"

"त्यांनाच सांगायचंय."

"कुणाकडून आलात?"

"ते आम्हाला सांगता येत नाही. त्यांचं घर तेवढं दाखवा."

अप्पारावांना संशय राहिला नाही. चाचणीवाले म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढं पांढऱ्या कोटातले डॉक्टर आणि दिल्लीची मोटारगाडी यायची. धुळीनं भरलेली, पत्ता विचारत फिरणारी, कामाचं नाव न सांगणारी माणसं ही पथकाचीच. पोरगं आपल्या मोटारीपायी अडकतंय, एवढंच त्यांच्या मनात आलं.

"तो गावाला गेला," ते म्हणाले. "सिल्लोडला. झाले आठ दिवस."

"घर कोणतं?"

गल्लीतल्या घरांना क्रमांक नव्हते. अप्पारावांनी त्यांना तिसऱ्या घराच्या तळमजल्यावरची एक खोली दाखवली. तिथला भाडेकरू उन्हाळ्यात बायकापोरांसह गावी गेला होता आणि दाराला कुलूप होतं. "ही त्याची खोली."

दोघांनी कुलूप पाहिलं, दार वाजवलं, कागदावर काही लिहिलं आणि पायरीवर बसले. मधे एकदा बॅगवाल्यानं फोन लावला. कुणी उचलला नाही. सात वाजले तसे ते उठले आणि निघून गेले. त्या वेळी चार घरं सोडून, कडूबाच्या गच्चीवर, गोकुळ पाइप धरून टाकी भरत होता. मोटारीच्या आवाजात त्याला काही ऐकू येत नव्हतं, आणि फोन खाली मामाच्या घरात चार्जिंगला होता.

अप्पारावांनी त्याला संध्याकाळी सांगितलं. "पथकवाले आले होते तुझं नाव घेऊन. तासभर बसवून ठेवले कुलपापुढं."

गोकुळ हसत सुटला. त्यानं वाकून अप्पारावांच्या पायाला हात लावला. "वाचवलं अप्पा तुम्ही."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बातमी आली. पेपरात आतल्या पानावर दोन बोटांएवढी. त्या दिवशी गोकुळ गावाकडे होता. शंतनूनं ती बन्सीच्या हॉटेलात मोठ्यानं वाचली: बारा महिन्यांत तिसऱ्यांदा चाचणी चुकवल्यामुळं फुटबॉलपटू गोकुळ सपकाळ याच्यावर कारवाई होणार, गोव्याच्या क्लबनं करार तूर्त थांबवला.

"ह्या पोराला मी कितीदा सांगितलं," बन्सी म्हणाला.

"घेतलं असंल काय तरी," पानटपरीवरून आलेला एकजण म्हणाला. "न घेता माणूस तोंड कशाला लपवंल?"

"तोंड सांभाळून बोल," कडूबा उठला. "माझा भाचा हाय त्यो. सुपारीच्या खांडाला हात लावत नाय."

"मग चुकवली कशाला तीनदा? तुमचे अप्पाच म्हणतात ना, गैरहजर तो गैरहजर. काय अप्पा?"

सगळे अप्पारावांकडं वळले. ते उत्तर द्यायला सरसावलेही होते. तेवढ्यात शंतनू पुढचं वाचू लागला. "'गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी सहा ते सातच्या दरम्यान अधिकारी घरी गेले असता दाराला कुलूप होतं. खेळाडू आठ दिवसांपासून गावी गेल्याचं शेजाऱ्यानं सांगितलं.' कोण रे हा शेजारी?"

अप्पारावांनी बशीतला चहा तसाच खाली ठेवला. बशी बाकाच्या कडेला लागली आणि चहा त्यांच्या धोतरावर सांडला. बन्सी फडकं घेऊन आला, पाण्याचा अर्धा ग्लासही त्यानं न मागता आणला. "वय झालं आता," अप्पाराव म्हणाले आणि घरी गेले.

गोकुळ दोन दिवसांनी परतला. तो सरळ अप्पारावांच्या घरी आला आणि उंबऱ्याच्या आत, भिंतीला टेकून बसला. यमुनाबाईंनी त्याच्यापुढं लाडू ठेवला. तो त्यानं हातात धरला, खाल्ला नाही.

"मंगळवार मला ध्यानात होता," तो म्हणाला. "चाचणीवाल्यांचा कागद आला तवाच कळलं. त्या दिवशी तुम्ही सांगितलं व्हतं ना, कुलपापुढं बसवले म्हणून."

अप्पारावांनी उठून दार लोटून घेतलं.

"मी तुमचं नाव नाय सांगितलं, अप्पा. कुणालाच नाय. मामालाबी नाय."

"का नाही सांगितलंस?"

"तुम्ही माझ्यासाठी केलं. त्यात काय सांगायचं?"

त्यानं दोष दिला असता तर अप्पारावांना सोपं गेलं असतं. आयुष्यभर त्यांनी आरडाओरडा करणारी माणसं खिडकीतून पाहिली होती. त्यांना कसं बसवायचं हे त्यांना ठाऊक होतं. हा पोरगा मात्र हातातला लाडू सांभाळत, आपण त्यांच्या घरी आलो याचीच माफी मागत असल्यासारखा बसला होता.

"चल," ते म्हणाले. "शंतनूकडं जाऊ."

औरंगपुऱ्यातल्या जिन्याखालच्या ऑफिसात तिघं बसले की चौथ्याला उभं राहावं लागे. शंतनूनं सगळं ऐकून घेतलं. मग तो वकिलासारखा बोलू लागला. दिल्लीच्या तीन जणांच्या समितीपुढं सुनावणी होणार, तीही कॉम्प्युटरवर. पहिल्या दोन चाचण्या गोकुळच्या चुकीनं गेल्या, त्याला इलाज नाही. पण तिसऱ्या वेळी तो सांगितलेल्या तासाला, सांगितलेल्या घरात होता. त्या माणसांना चुकीच्या दारापुढं कुणीतरी बसवलं. ते त्या कुणीतरीनं स्वतः सांगितलं, आणि का बसवलं हेही सांगितलं, तर ही तिसरी चूक पुसली जाईल. मग उरतात दोन. दोनला बंदी नाही.

"म्हणजे माझ्या साक्षीवर आहे," अप्पाराव म्हणाले.

"सगळं तुमच्या साक्षीवर आहे. आणि त्यात कारणावर. त्यांना पटलं पाहिजे की तुम्ही खरंच त्यांना पथकवाले समजलात. पथक, मोटार, गोकुळ ती घेऊन पळाला ते, सगळं लिहावं लागेल."

शंतनूनं तिथंच कागद तयार केला. अप्पारावांनी तो दोनदा वाचला. मोटारीचा उल्लेख चार ठिकाणी होता. एक शब्दही खोटा नव्हता. सही उद्या करतो, असं म्हणून त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. गोकुळनं परत येताना रिक्षात एकदाच विचारलं, "सुटंल ना अप्पा?" आणि अप्पाराव म्हणाले, "सुटेल."

सही त्यांना त्याच वेळी करता आली असती. हे त्यांना नंतर पुष्कळदा आठवलं.

यमुनाबाईंनी तो कागद वाचला आणि रात्रीचं जेवण व्हायच्या आत गोष्ट गल्लीत गेली. त्यांचा हेतू वाईट नव्हता. शेजारणीला त्यांनी फक्त एवढंच विचारलं की, सरकारी कागदावर मोटारीचं लिहिलं तर काही होतं का. दुसऱ्या दिवशी सकाळी कडूबा आला. त्याच्यामागं आणखी पाचसहा जण होते. ते दारातच थांबले.

"अप्पा, तुम्ही केलं ते आम्हाला कळलं," कडूबा म्हणाला. "त्याचं काय नाय. आमच्यापैकी कुणीबी तेच केलं असतं. पण मोटारीचं लिहू नका."

"ते लिहिल्याशिवाय कारणच राहत नाही, कडूबा."

"तुमची सही, सरकारी कागद. 'आमच्या गल्लीत सगळ्यांच्या मोटारी हायत.' उद्या त्यो कागद फिरत फिरत इथं आला तर? चाळीस घरं हायत. नळच तोडतात आता, मोटार नेऊन भागत नाय. पुढच्या गल्लीत तोडले. म्हाताऱ्या बाया टँकरमागं पळत्यात."

"तो तुझा भाचा आहे."

"व्हय, भाचा हाय!" कडूबाचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "त्याच्या आईला काय सांगू ते माझं मला म्हाईत. पण त्यो वर्षा-दीड वर्षानं पुन्यांदा खेळंल. चाळीस घरांचा नळ पुन्यांदा कोण जोडून देणार?"

मागचा एकजण म्हणाला, "गैरसमज झाला म्हणा की. एवढं लिहिलं तरी पुष्कळ. तुम्ही शिकलेले, तुमच्या शब्दाला कोण नाय म्हणंल?"

अप्पारावांनी त्या माणसांकडं पाहिलं. त्यातल्या तिघांची हजेरी त्यांनी कारखान्यात घेतली होती. एकाचा कितीदा तरी अर्धा दिवस कापला होता. आज तो त्यांच्यापुढं हात जोडून उभा होता.

दुसरा कागद शंतनूनं नाइलाजानं केला. "अप्पा, यात जीव नाही," तो म्हणाला. "कारण काढलं तर साक्षीत उरतं काय?" गोकुळ जिन्याशी उभा होता. शंतनूनं त्याला विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे? शेवटी करिअर तुझं आहे." गोकुळ म्हणाला, "मी मामाच्या घरात राहतो, साहेब. मी काय म्हणू?"

अप्पारावांनी दुसऱ्या कागदावर सही केली.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुनावणी झाली. पडद्यावर तीन चौकोनांत तीन माणसं होती. मधले निवृत्त न्यायाधीश, एका बाजूला डॉक्टरबाई, दुसऱ्या बाजूला एक जुने खेळाडू. शंतनूच्या टेबलाशी अप्पाराव बसले होते, शेजारी गोकुळ. कडूबा पडद्यावर दिसणार नाही असा दारात उभा होता.

डॉक्टरबाईंनी अप्पारावांचा कागद वाचून दाखवला. मग चष्मा काढून विचारलं, "आपने झूठ क्यों बोला?"

"गैरसमज झाला," अप्पाराव हिंदीत म्हणाले.

"कसला गैरसमज?"

"मला वाटलं, कुणी अनोळखी माणसं आहेत."

"अनोळखी होतीच ती. अनोळखी माणसाला माणूस 'माहीत नाही' म्हणतो. तुम्ही त्यांना दुसऱ्याच खोलीपुढं नेलंत. का?"

ऑफिसातला पंखा आवाज करत होता. शंतनूचा पाय टेबलाखाली अप्पारावांच्या पायाला लागला. तो सांगत होता, बोला. अप्पारावांच्या तोंडाशी सगळं आलं: पाण्याचा दिवस, टेम्पो, काखेत मोटार घेऊन पळणारा पोरगा. त्यांनी दाराकडं पाहिलं. कडूबानं रिक्षाची किल्ली दोन्ही हातांत घट्ट धरली होती आणि तो त्यांच्याकडं न पाहता खाली फरशीकडं पाहत होता.

"आठवत नाही," अप्पाराव म्हणाले.

न्यायाधीशांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "आप फुटबॉल के शौक़ीन हैं?"

"हो."

"या मुलाचा खेळ तुम्हाला आवडतो? त्याच्यावर बंदी येऊ नये असं वाटतं?"

"हो," अप्पाराव म्हणाले. ते तरी खरं होतं.

न्यायाधीशांनी काहीतरी लिहून घेतलं. जुन्या खेळाडूंनी गोकुळला विचारलं, फोन का उचलला नाहीस. गोकुळनं सांगितलं, गच्चीवर पाणी भरत होतो. "तासभर?" त्यांनी विचारलं. "व्हय सर, तासभर," गोकुळ म्हणाला. पडद्यावरची माणसं एकमेकांकडं पाहू शकत नव्हती, तरी तिघांनी एकाच वेळी मान खाली घातली.

निकाल पंधरा दिवसांनी आला. दीड वर्षाची बंदी. निकालात अप्पारावांबद्दल एक ओळ होती: साक्षीदार खेळाडूचा हितचिंतक असून, आपल्या वागण्याचं कोणतंही कारण देऊ न शकल्यामुळं त्याच्या म्हणण्यावर विश्वास ठेवता येत नाही. गोव्याच्या क्लबनं दुसऱ्याच दिवशी दुसरा डावा बचावपटू घेतला.

बन्सीच्या हॉटेलात त्या ट्रान्सफरची चर्चा झाली नाही. बन्सीनं टीव्हीवरची जर्सी उतरवली नाही, पण तिच्याकडं कुणी पाहत नव्हतं. पानटपरीवाला एकदा येऊन म्हणाला, "मग? काय तरी असल्याशिवाय दीड वर्ष देतात व्हय?" कडूबा बसून राहिला. अप्पाराव उठून गेले आणि मग बरेच दिवस तिकडं फिरकले नाहीत.

जुलै कोरडा गेला. ऑगस्टच्या सुरुवातीला एका संध्याकाळी गोकुळ त्यांच्या दारात आला. त्याला चितेगावला काम मिळालं होतं, ठेकेदाराकडं, अप्पारावांच्याच कारखान्यात.

"पहिली पाळी हाय. सहाची बस. अप्पा, तिथं उशीर किती चालतो?"

"पाच मिनिटं."

"अन् सहावं?"

"आता पंचिंग मशीन आहे म्हणतात," ते म्हणाले. "माणूस नसतो खिडकीत."

"बरं हाय मग," गोकुळ म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. पायातले फुटबॉलचे जुने बूट त्यानं दाखवले. खिळे घासून सपाट केले होते. "चालून जातील कामावर."

दुसऱ्या दिवशी पाणी होतं. सहाच्या सुमारास गोकुळ डबा घेऊन गल्लीतून बाहेर पडला. अप्पाराव त्या दिवशी तोंडाशी जाऊन उभे राहिले नव्हते. घराच्या पायरीवर बसले होते. गोकुळ वळणावर दिसेनासा झाला आणि थोड्याच वेळात त्याच वळणावरून टेम्पो आत आला. या वेळी खरंच पथक होतं.

घराघरातल्या मोटारी एकामागून एक बंद झाल्या. कडूबा धावत आला. "अप्पा, उठा. पुढं व्हा. तुम्ही बोललात तर जातील ते."

अप्पाराव उठले आणि आत गेले. मोरीत मोटार सुरू होती, यमुनाबाई पिंप भरत होत्या. त्यांनी बटण बंद केलं, पाइप काढला आणि ती गरम, ओली मोटार दोन्ही हातांनी उचलून बाहेर आणली. ती जड होती. हे पोरगं काखेत धरून कसं पळालं असेल, असं त्यांना वाटून गेलं.

"अप्पा, येडे झालात का?" कडूबा म्हणाला. मग त्याला काहीतरी उमगलं असावं. तो बाजूला झाला.

अप्पारावांनी मोटार टेम्पोत ठेवली. तोच कारकून होता. त्यानं पावतीपुस्तक काढलं. "नाव?"

"अप्पाराव पाठक. मागच्या वेळी पोरानं पळवलेली मोटार हीच. माझी होती. त्याची नव्हती."

"बरं, बरं." कारकुनाला ते आठवतही नव्हतं. तो लिहीत राहिला.

"वेळ लिहा," अप्पाराव म्हणाले. "सहा वाजून अकरा मिनिटं."

"काका, वेळेला रकानाच नाही यात," कारकून म्हणाला आणि पावती फाडून त्यांच्या हातात दिली.

टेम्पो पुढच्या गल्लीत गेला. जरा वेळ थांबून घराघरातल्या मोटारी पुन्हा सुरू झाल्या. अप्पारावांच्या नळाला दोऱ्याएवढी धार राहिली, मग तीही तुटली. यमुनाबाईंनी पिंप बाजूला सरकवलं आणि नळाखाली तांब्या ठेवला.